कडेची ओळ

घराची भिंत जमिनीला टेकते तिथून अंगणाच्या तुडवलेल्या मातीपर्यंत दोन हात रुंदीची एक पट्टी असते. पागोळ्यांचं पाणी तिच्यावर पडतं, भांडी विसळलेलं पाणी तिच्याकडे वळतं, दिवसभर तापलेल्या भिंतीची ऊब रात्री तिच्यात मुरते. या पट्टीत काय लावायचं याची कुठली रीत नाही. तुळशीची जागा ठरलेली, केळीची मोरीपाशी ठरलेली, गोडलिंबाची मागच्या दाराशी. कडेची जागा मात्र ज्याची त्याच्या मनाची. मी तिथे वर्षानुवर्षं अशी झाडं लावत आलो आहे, जी माणसाच्या डोक्यावरून वर जातात आणि थोड्याच वर्षांत निघून जातात. गुलखेरा, तूर, एरंडी, हेटा, पपई. बागेच्या गप्पांत यांची बाजू फारशी कुणी घेत नाही. वडा-पिंपळाची थोरवी सगळे सांगतात, मोगऱ्याच्या वासावर सगळे लिहितात. ही कडेची मंडळी येतात, उंच होतात, फुलतात, जातात. त्यांचं येणं-जाणं मला बागेतलं सगळ्यात मोलाचं वाटत आलं आहे. ते का, हे सांगायचं आहे.

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात झाडांचे आयुष्यावरून तीन गट शिकवतात. वर्षायू, म्हणजे एका हंगामात उगवून बी देऊन मरणारी. द्विवर्षायू, म्हणजे पहिल्या वर्षी पानं आणि दुसऱ्या वर्षी फुलं देणारी. आणि बहुवर्षायू, वर्षामागून वर्षं उभी राहणारी. या तिसऱ्या गटाच्या अगदी उंबऱ्यावर काही झाडं असतात. एकदा फुलून ती लगेच मरत नाहीत, बुडातून पुन्हा फुटतात, पुन्हा फुलतात, पण फार काळ नाही. दोन वर्षं, तीन वर्षं, फार झालं तर पाच. त्यांच्या उंचीचं मर्मही इथेच आहे. आंब्याचं रोप पहिली वर्षं लाकूड घट्ट करण्यात, साल जाड करण्यात घालवतं. ही झाडं लाकडाची काळजी करत नाहीत. खोड हलकं, आत भेंड किंवा पोकळी, आणि मिळालेलं सगळं अन्न वर, आणखी वर, मग फुलांत, मग बियांत. झाडाजवळची पुंजी मोजकीच असते. ती टिकण्यावर खर्च करायची की उंच होऊन बी देण्यावर, हा हिशेब प्रत्येक वनस्पतीला मांडावा लागतो. या झाडांनी तो ज्या बाजूने मांडला, त्या बाजूला मी उभा आहे.

आमचं वरठी मोहाडी तालुक्यातलं गाव. स्टेशनावर पाटी भंडारा रोडची आहे, कारण जिल्ह्याचं शहर इथून दहा-बारा किलोमीटरवर आणि रुळांवरून त्याला सगळ्यात जवळचं ठिकाण हेच. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या इथून रात्रंदिवस जातात. गावाला लागून सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. पण रुळ ओलांडून थोडं पुढे गेलं की धानाच्या बांध्या सुरू होतात आणि क्षितिजापर्यंत संपत नाहीत. जुनी माणसं इथल्या जमिनीची नावं अजून घेतात. काळी कसदार ती कन्हार, तिच्याहून हलकी मोरांड, धानाची सिहार, मुरमाड ती खरडी आणि बर्डी. माझ्या कडेच्या पट्टीत मोरांडीची भर आहे. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि श्रावणात तीच माती पायाला धरून ठेवते. वर्षाला साधारण 1300 मिलिमीटर पाऊस आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणारा पारा, या दोहोंच्या मध्ये जे उभं राहील ते आमचं झाड.

ही बाग मी शिकलो ती धुऱ्यांकडून. भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांधीभोवती जो मातीचा उंच काठ असतो तो धुरा. बांधीत गुडघाभर चिखल, वर पाणी. तिथे तूर टिकत नाही, तिचं मूळ कुजतं. म्हणून मृगाचा पाऊस झाला की शेतकरी धुऱ्यावर तुरीचे दाणे टोबतो. खाली धान, वर तूर. भाद्रपदात बांधी हिरवीगार असते आणि तिच्या चारी कडांनी तुरीची गर्द, थोडी राखाडी झाक असलेली भिंत उभी राहते. मंडईच्या जत्रांचे दिवस येतात, गावोगाव दंडारी आणि नाटकं रंगतात, त्याच सुमारास तूर फुलावर येते. धान पिवळं, तुरीचं फूल पिवळं, आणि काही झाडांवर पाकळीच्या पाठीला तांबड्या रेघा. पुढे धान कापलं जातं, बांध्या उघड्या पडतात, त्यात लाखोळीची हिरवळ पसरते, आणि तूर एकटी त्या मोकळ्या रानाच्या कडेला माणसाहून उंच उभी राहते. विलायती बागकामाच्या पुस्तकांत ‘बॉर्डर’ म्हणून जी रचना सांगतात, मागे उंच, पुढे बुटकं, मधे रंगांची मांडणी, ती मी पुस्तकात वाचण्याआधी या धुऱ्यांवर पाहिली होती.

तूर मुळात एका वर्षाचं झाड नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. तिला पाणी, जागा आणि गुरांपासून आडोसा मिळाला तर ती तीन ते पाच वर्षं जगते. आपण तिला एका हंगामाचं पीक केलं. त्याला कारणं आहेत. पहिल्या वर्षीचं पीक सगळ्यात भरघोस येतं. पुढे मर रोग मुळातून शिरतो, वांझ रोगाने झाड हिरवंगार राहूनही फुलत नाही, शेंगा पोखरणारी अळी ठाण मांडते. आणि रबी निघाली की रानात गुरं मोकळी सुटतात. धुऱ्यावरचा कोवळा फुटवा ती ठेवत नाहीत. म्हणजे तुरीचं आयुष्य तिच्या बीजात जेवढं लिहिलं आहे, त्याहून आमच्या गावगाड्याच्या चालीत अधिक ठरतं. कुंपणाच्या आत मात्र ती आपलं मूळचं आयुष्य जगून दाखवते. माझ्या आजीच्या सांदवाडीत तुरीची दोन-तीन झाडं कायम असायची. शेंगा काढून झाल्या की आजी त्यांना कमरेएवढी छाटायची, बुडाशी शेणखत आणि राख टाकायची. उन्हाळाभर मोरीचं पाणी त्यांच्याकडे वळवलेलं असायचं. पहिल्या सरीला त्या ठोंबांना बाजूने फुटवे यायचे. दुसऱ्या वर्षीची तूर रुंद व्हायची, खोड मनगटाएवढं, आणि हिवाळ्यात तिच्या सावलीत कोंबड्या बसायच्या. ओल्या दाण्यांना आम्ही सोले म्हणतो. सोल्यांची भाजी, सोलेभात, शेंगा नुसत्या मिठात उकडून संध्याकाळी चुलीपाशी बसून खाणं, हे सगळं त्या दोन-तीन झाडांवर व्हायचं. शेंगा तोडताना आजी एक-दोन फांद्यांना हात लावू द्यायची नाही. म्हणायची, ‘‘खायाले पुष्कळ आहे. हे बियाले राहू दे.’’

या झाडाचं घर आमच्यापासून फार लांब नाही. तुरीचा सगळ्यात जवळचा रानटी नातलग बस्तर आणि ओडिशाच्या जंगलपट्ट्यात सापडतो. म्हणून तूर पहिल्यांदा माणसाच्या हाताखाली आली ती याच मध्य-पूर्व भारतात, असं अभ्यासक मानतात. ओडिशातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांत तिचे जळके दाणे मिळाले आहेत, आणि आमच्या विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तुळजापूर गढीच्या उत्खननातही. तीन-साडेतीन हजार वर्षं ही रोपटी माणसाच्या कडेकडेने चालत आली. त्यांतलं एकही झाड पाच वर्षांच्या पुढे गेलं नसेल, तरी साखळी कुठे तुटली नाही. हा विचार मनात आला की हातातल्या मूठभर तुरीकडे पाहण्याची नजर बदलते. एखादा शंभर वर्षांचा वड पाहून आपण हात जोडतो. या मुठीतलं आयुष्य त्याच्या तीसपट जुनं आहे. फरक इतकाच की ते एका खोडात राहिलं नाही, हातोहात आलं.

तुरीची मुळं खोल जातात आणि त्यांच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र मातीत बांधतात, हे शाळेत शिकवतात. तिचं आणखी एक काम कमी लोकांना ठाऊक आहे. तांबड्या मातीतलं लोह स्फुरदाला असं धरून बसतं की इतर पिकांना ते मिळत नाही. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट या संस्थेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी 1990 मध्ये दाखवलं, की तुरीची मुळं काही खास आम्लं सोडतात आणि लोहाच्या मुठीतून तो स्फुरद सोडवून घेतात. तूर निघून गेल्यावर तिची गळालेली पानं, कुजलेली मुळं यांतून तो पुढच्या पिकाच्या वाट्याला येतो. ज्या गावात भट्टीत लोखंड वितळतं, त्याच गावाच्या धुऱ्यावर एक झाड मुळांच्या टोकांनी लोखंडाशी बोलणी करत असतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आणि ते हे करतं ते स्वतःसाठी म्हणून. पण त्याचं आयुष्य थोडं असल्यामुळे मिळकत मागच्यांना लवकर मिळते.

आजीची तूर तर आईचा गुलखेरा. बाजारात आता त्याला हॉलीहॉक म्हणतात आणि बियांच्या पाकिटावरही तेच छापलेलं असतं. कापूस, भेंडी, अंबाडी यांचा हा भाऊबंद. म्हणून विदर्भाच्या मातीत त्याला परकेपणा वाटत नसावा. चीनमध्ये तो फार जुन्या काळापासून लावतात. युनानी औषधांत त्याची फुलं खोकल्यावर देतात. लिनियसने 1753 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं तोवर तो कितीतरी देशांच्या कुंपणांतून फिरून आला होता. थंड मुलखात तो पहिल्या वर्षी जमिनीलगत गोल पानांचा घेर करून बसतो आणि दुसऱ्या उन्हाळ्यात सात-आठ फूट दांडा वर काढतो. आमच्याकडे त्याला इतकी सवड नसते. पाऊस ओसरल्यावर बी टाकलं की माघ-फाल्गुनात तो फुललाच पाहिजे, कारण त्यानंतर वैशाख आहे.

गुलखेऱ्याचं फुलणं पाहायला दिवस लागतात आणि ते दिवस द्यावेत. खालच्या पानाच्या बेचक्यातली कळी पहिल्यांदा उमलते. दुसऱ्या दिवशी तिच्या वरची. रोज उमलण्याची जागा थोडी थोडी वर सरकते. खाली पाकळ्या मिटून हिरव्या गोल डब्या तयार होत असतात, वर अजून घट्ट कळ्या असतात, आणि मधे चार-पाच फुलं उघडी. गुलाबी, पांढरी, दाट मरून, मधेच एखादं जवळजवळ काळं. पाकळी इतकी पातळ की सकाळचं ऊन तिच्यातून भिंतीवर उतरतं आणि चुन्याची भिंत घटकाभर गुलाबी होते. एकाच दांड्यावर कालचं, आजचं आणि उद्याचं एकाच वेळी पाहायला मिळतं. आई सकाळी चहाचा कप घेऊन त्यांच्यापुढे उभी राहायची आणि कुठवर आलं ते बघायची. शेंड्याची कळी उमलली की थंडी संपली, असं तिचं पंचांग होतं.

याच झाडापाशी माळ्याला एक निर्णय घ्यावा लागतो, आणि अल्पायुषी झाडांचं सगळं शहाणपण त्या निर्णयात आहे. फुलं ओसरू लागली की दांडा बुडाशी कापायचा की तसाच ठेवायचा? कापला तर झाडाचं बियांत जाणारं अन्न वाचतं, बुडाशी नवे डोळे फुटतात, आणि थोडी सावली, थोडं पाणी मिळालं तर तेच झाड पुढचा हिवाळा पाहतं. ठेवला तर झाड स्वतःला रिकामं करत बी भरतं, चकत्यांसारख्या बियांची गोल चळत प्रत्येक डबीत पिकते, आणि झाड बहुधा संपतं. जगवायचं तर बी सोडावं लागतं, बी हवं तर झाड सोडावं लागतं. आमच्या उन्हात आणि पुढे आषाढातल्या सततच्या ओलीत कापलेल्या ठोंबांपैकी थोडेच तगतात. पाणी साचलं तर बुडाचा गड्डा सडतो. म्हणून मी दोन्ही करतो. ओळीतले बहुतेक दांडे कापतो आणि सगळ्यात निरोगी, सगळ्यात सरळ वाढलेले एक-दोन बियांसाठी उभे ठेवतो. त्या उभ्या दांड्यांचं बागेत काही सौंदर्य नसतं. पानं वाळतात, खोड तपकिरी पडतं, पाहुणे विचारतात की हे अजून काढलं का नाही. मला मात्र साऱ्या पट्टीत तेवढेच दांडे महत्त्वाचे वाटतात, कारण पुढचा हिवाळा त्यांच्यात भरलेला असतो.

एका गोष्टीची इथे तयारी ठेवावी लागते. मधमाश्या एका रंगावरून दुसऱ्यावर जातात, त्यामुळे गुलाबी झाडाच्या बियांतून गुलाबीच येईल असा भरवसा नाही. गेल्या वर्षीचा आवडलेला तो काळसर मरून या वर्षी दिसत नाही आणि त्याच्या जागी कधी न पाहिलेला जर्दाळू रंग उभा असतो. तेच झाड परत मिळत नाही. त्याचं गोत मिळतं. मला यात तोटा वाटत नाही. ज्याला तोच रंग कायम हवा त्याने भिंतीला रंग द्यावा.

इंग्लंडमध्ये गर्ट्रूड जेकिल नावाची बागकार होऊन गेली. 1843 ते 1932 हा तिचा काळ. मन्स्टेड वुड इथल्या तिच्या घरी दोनशे फूट लांब आणि चौदा फूट रुंद अशी फुलझाडांची पट्टी होती, मागे उंच दगडी भिंत, आणि भिंतीलगत मागच्या रांगेत हॉलीहॉक. तिचं एक कसब माझ्या मनात राहिलं आहे. एखादं झाड फुलून संपलं की त्याची जागा उघडी दिसू नये म्हणून मागचं उंच झाड ती पुढे वाकवून त्या जागेवर पसरवायची आणि वाकलेल्या दांड्यावर नव्याने फुलं यायची. उंच आणि थोड्या दिवसांच्या झाडांची बाग करायची तर जाणाऱ्याची जागा कोण घेणार हे आधीपासून ठरवावं लागतं, हे तिला पुरतं कळलेलं होतं. तिच्याकडे माळी होते, जागा होती, लांबलेला थंड उन्हाळा होता. माझ्याकडे दोन हातांची पट्टी आणि वैशाख आहे. पण हिशेब एकच आहे.

तो हिशेब वरठीत असा चालतो. मृग लागला की पट्टीच्या मागच्या बाजूला, भिंतीपासून हातभर सोडून, तूर आणि एरंडी. एरंडी सगळ्यांत आधी वर जाते, तिच्या पंजासारख्या तांबूस पानांखाली पावसाचा मार बसत नाही. तिचं बी विषारी असतं, म्हणून घरात लहान मूल असेल त्या वर्षी मी घोस पिकू देत नाही, हिरवेच काढतो. कोपऱ्यात हेटा, बाकीचा महाराष्ट्र त्याला हादगा म्हणतो. पहिल्याच वर्षात तो कौलांच्या वर जातो, आणि त्याच्या पांढऱ्या, कोयरीच्या वळणाच्या फुलांची भाजी घरात होते. त्याची सावली विरळ असते, खालच्याचं ऊन तो हिरावून घेत नाही; पानमळ्यात वेल चढवायला शेवरी-पांगाऱ्याबरोबर हादगाही लावतात तो याच गुणामुळे. वादळात त्याच्या फांद्या सहज मोडतात, हे धरूनच चालायचं. पपईला पट्टीतला सगळ्यात उंच मातीचा ढीग, कारण पाणी दोन दिवस बुडाशी थांबलं तरी ती जाते. तिची पहिली दोन-तीन वर्षं भरभराटीची. पुढे झाड उंच होत जातं, फळ लहान होत जातं, आणि तोवर शेजारी दुसरं रोप लावलेलं असावं.

नवरात्रापर्यंत पाऊस ओसरतो. गुलखेऱ्याच्या बिया रात्रभर पाण्यात भिजवून दसऱ्याच्या आगेमागे जागच्या जागी टाकाव्यात. त्याचं सोटमूळ खोल जातं आणि मोठं झालेलं रोप हलवलं तर रुसतं. दोन रोपांत दीड फूट अंतर, म्हणजे वारा मधून फिरेल. हा वारा फार गरजेचा. गुलखेऱ्याचा खरा शत्रू तांबेरा. पानाच्या मागे नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या येतात आणि खालून वर पानं वाळत जातात. ही बुरशी मूळची दक्षिण अमेरिकेतल्या चिलीची. एकोणिसाव्या शतकात, 1870 च्या आसपास, ती युरोपात पोहोचली आणि तिथल्या बागांतली हॉलीहॉकची रांगच्या रांग तिने बसवली. उपाय साधे आहेत. खालची पानं वेळेवर काढून जाळायची, पाणी बुडाशी द्यायचं, पानांवर नाही, आणि म्हाताऱ्या झाडाच्या शेजारी नवं रोप लावायचं नाही. जुन्याच्या अंगावरचा रोग नव्याला लागतो. तुरीच्या मर रोगाचंही तेच. त्याची बुरशी त्याच मातीत वर्षं काढते, म्हणून तूर दर खेपेला जागा बदलून लावावी. ओळ टिकवायची तर ओळीला सरकत ठेवावं लागतं.

संक्रांतीनंतर तूर निघते. वाळलेल्या काड्या, आमच्या तुऱ्हाट्या, वाया जात नाहीत. त्यांचे कूड होतात, खराटे होतात, चूल पेटते. मी त्यांतल्या सरळ तेवढ्या निवडून गुलखेऱ्याला आधार देतो. त्या वेळी त्याचे दांडे छातीएवढे झालेले असतात आणि फाल्गुनातला कोरडा वारा सुटायच्या आत त्यांना टेकू हवा असतो. सुतळी सैल बांधायची, आठच्या आकड्यात, खोडाला काचू नये. आजीची तूर मेल्यावर आईच्या गुलखेऱ्याला धरून उभी राहते, हे माझ्या पट्टीत दर वर्षी घडतं, आणि त्या दोघींची मला तिथे जेवढी आठवण येते तेवढी त्यांच्या फोटोंपुढे येत नाही.

वरठीत ही झाडं इतकी का रुजली, याचा मी खूप विचार केला आहे. आमचं गाव निम्मं शेतीचं आणि निम्मं बदलीचं. रेल्वेच्या आणि कारखान्याच्या नोकरीवर माणसं लांबलांबून येतात, काही वर्षं राहतात, निघून जातात. बिहारची, छत्तीसगडची, बंगालची, आंध्राची घरं एका रांगेत. क्वार्टरमध्ये आंबा कोण लावणार? फळ खायला आपण इथे असू याची खात्री नाही. पण बाई घरात येते, सामान लावते, आणि तिला खिडकीबाहेर काहीतरी उंच हवं असतं. या वर्षी, फार तर पुढच्या वर्षी. तिला पपई हवी, गुलखेरा हवा. या झाडांनी अशा माणसांची फार मोठी सोय केली आहे. थोडक्या मुक्कामातही मान वर करून पाहावं असं काही उभं राहू शकतं, हे त्यांनी दाखवलं. आईकडे गुलखेऱ्याचं बी आलं ते अशाच एका बदलून जाणाऱ्या शेजारणीकडून. ट्रक दारात उभा होता, आणि ती कागदाची पुडी आईच्या हातात देत म्हणाली, ‘‘बाई, हे राहू द्या तुमच्यापाशी. पानी आता तुम्हीच घालजा.’’ ती माणसं कुठल्या गावी गेली हे पुढे आम्हाला कळलं नाही. त्यांचा गुलखेरा आमच्याकडून कितीतरी घरांत गेला.

जगभरातले शेतीचे शास्त्रज्ञ आता उलट्या दिशेने याच उंबऱ्यापाशी येऊन पोहोचले आहेत. दर वर्षी नांगरून, पेरून, उपटून माती झिजते. मग धान्याची पिकं बहुवर्षायू करता येतील का? चीनमधल्या युन्नान विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्या लागवडीच्या भाताचा आफ्रिकेतल्या बहुवर्षायू रानभाताशी संकर केला आणि त्यातून निघालेलं पीआर 23 हे वाण 2018 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती दिलं. एकदा लावलं की त्याच ठोंबांतून चार वर्षांत आठ पिकं निघाली, असं त्यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलं. धान कापल्यावर आमच्या बांधीतही बुडखे ओलीवर पुन्हा हिरवे होतात आणि गुरं ते चरून टाकतात. भाताच्या अंगी ही ओढ आहेच. पण त्या चिनी भाताचंही उत्पादन पाचव्या वर्षापासून घसरू लागलं आणि शेत नव्याने लावावं लागतं. म्हणजे इतक्या प्रयत्नांनी माणसाने जे घडवलं तेही एक अल्पायुषी बहुवर्षायूच निघालं. मला यात निसर्गाने घातलेली अट दिसते. भरपूर देणाऱ्याला फार काळ राहता येत नाही, आणि म्हणून जो घेतो त्याच्यावर पुन्हा लावण्याचं काम येतं.

हे काम टाळण्याकडे आता लोकांचा कल आहे. कडेच्या पट्टीवर सिमेंट ओततात, फरशी बसवतात, किंवा एकदा लावून विसरता येतील अशी शोभेची झाडं आणतात, जी वर्षभर तशीच हिरवी राहतात. त्यांना पाहून ऋतू कळत नाही. त्यांचं बी कुणी कुणाला मागत नाही, देत नाही. गुलखेऱ्याच्या निमित्ताने दर चैत्रात आमच्या फाटकाशी चार माणसं येतात, कुणाला काळसर हवा असतो, कुणाचं बी भुंग्यांनी खाल्लेलं असतं, कुणी तुरीची मूठ मागून नेतं आणि बदल्यात डांगराचं बी ठेवून जातं. वर्षभर तशाच राहणाऱ्या झाडाने हे फाटक उघडलं नसतं.

म्हणून बी एका घरात ठेवू नये, हा माझा आग्रह आहे. एका घरातलं बी एखाद्या ओल्या उन्हाळ्यात बुरसतं, एखाद्या आजारपणात पेरायचं राहून जातं. चांगलं वाळवावं, राखेत कालवावं, कडुलिंबाचा पाला टाकून बरणी बंद करावी, आणि त्यातलं निम्मं गावात वाटून टाकावं. मग आपली ओळ एखाद्या वर्षी तुटली तरी ती दुसऱ्याच्या कडेला चालू असते आणि मागितली की परत येते. ज्याच्याकडे दोन हात जमीन आहे, मग ती स्वतःची असो की भाड्याची, त्याने या पावसाळ्यात तिथे तूर टोबावी आणि दसऱ्याला गुलखेरा टाकावा. फुलं मन भरून पाहावीत, दांडे कापावेत, आणि सगळ्यात चांगला दांडा मात्र कापू नये. तो शेजारणीसाठी आहे, पुढच्या भाडेकरूसाठी आहे, आणि आपण अजून न पाहिलेल्या रंगासाठी आहे.